कोणाला थांबता येतं? साथ, प्रवास आणि जात



आज मला साथीचे रोग आणि प्रवास या विषयावर बोलायला सांगितलं आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर. कोणी नर्सिंग केलंय, कोणी बी. कॉम., कोणी समाजकार्य, कोणी अजून स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आहे. काहींना वाटेल, हा डॉक्टरांचा विषय, आपला काय संबंध? संबंध असा की, साथ आली की सरकार आधी प्रवास बंद करतं, आणि प्रवास बंद झाला की आधी आपल्या वस्तीतली चूल बंद होते. ज्याच्या आई-बापाला रोज बाहेर पडल्याशिवाय मजुरी मिळत नाही, त्याला हा विषय समजून घ्यावाच लागेल.

मला आज एक मुद्दा मांडायचा आहे. प्रत्येक साथीत विचारलं जातं की रोग कोणत्या वाटेने आला, कोणी आणला. त्याच वाटेवर चालणं कोणाला थांबवता येत होतं आणि कोणाला येत नव्हतं, हे मात्र विचारलं जात नाही. आणि शेवटी कोणत्या जातीची किती माणसं मेली, हेही सांगितलं जात नाही. या तीन प्रश्नांची उत्तरं एकत्र ठेवली तरच साथ समजते. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर हातात घेऊन बसलं, तर आळ प्रवास करणाऱ्या गरिबावर येतो.

आधी रोग प्रवास कसा करतो ते साध्या भाषेत पाहू. जंतू शरीरात शिरला की माणूस लगेच आजारी पडत नाही. मधे काही दिवस जातात. त्याला उबवणीचा काळ म्हणतात. फ्लूचा हा काळ साधारण १ ते ४ दिवसांचा, प्लेगचा आठवड्याच्या आतला, कोरोनाचा सरासरी ५ दिवसांचा आणि जास्तीत जास्त १४ दिवसांचा धरला जात होता. आता प्रवासाला लागणारा वेळ याच्या शेजारी ठेवा. शिडाच्या जहाजाला समुद्र ओलांडायला महिने लागत, तेव्हा बऱ्याचदा साथ जहाजावरच पेटायची आणि बंदर येईपर्यंत विझायची. माणूस पायी किंवा बैलगाडीने जात होता, तेव्हा तो वाटेतच आजारी पडायचा. आगबोट आणि आगगाडी आली आणि हे गणित उलटलं. प्रवास उबवणीच्या काळापेक्षा कमी वेळाचा झाला. १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता रेल्वेची सलग वाट तयार झाली. मुंबईत लागण झालेला माणूस धडधाकट अवस्थेत गाडीत बसून देशाच्या दुसऱ्या टोकाला धडधाकटच उतरू शकत होता. आजार त्याला तिथे पोचल्यावर कळणार. विमानाने तर हे तासांवर आणलं.

म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करूया. प्रवासाने साथ पसरते. हे कोणी नाकारू नये. आपल्या बाजूचं बोलायचं म्हणून विज्ञान वाकवायची गरज नाही. पुढचा प्रश्न खरा आपला आहे.

१८९६ ची मुंबई घ्या. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला, धान्याच्या वखारींचा भाग. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग होता, तिथून जहाजातून तो आला असावा असं मानलं जातं. वखारींत धान्य, धान्यावर उंदीर, उंदरांवर पिसवा. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगातून दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे मुंबईतली पहिली दोन वर्षं सरकार माणसांच्या मागे लागलं होतं आणि रोग मालाच्या पोत्यांबरोबर, कपड्यांच्या गाठोड्यांतून, उंदरांच्या पाठीवर बसून फिरत होता.

१८९१ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. ज्यांच्याकडे पैसा होता ते हवापालटाच्या गावी, उपनगरातल्या बंगल्यात गेले. गिरणी कामगार कोकणातल्या, देशावरच्या आपल्या गावी गेले. जाणं सगळ्यांचंच होतं. पण एक जण बंगल्यात गेला आणि दुसरा उपाशी गावात. या दोघांच्या जाण्याला एकच शब्द वापरला गेला: पळ.

आणि एक वर्ग असा होता, ज्याच्या जाण्याची सरकारला धास्ती होती. मैला उचलणारे हलालखोर आणि झाडूवाले. हे सगळे अस्पृश्य मानलेल्या जातींतले. ते घाबरून शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, या भीतीने महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला आपले कडक उपाय सैल केले. आयुक्त स्नो यांच्या अहवालात ही कबुली आहे. नीट ऐका. ही माणसं मरतील याची भीती नव्हती. ही माणसं निघून जातील याची भीती होती. शहराला त्यांचे हात हवे होते. तेच हात दुसऱ्या वेळी कोणाला लागले असते तर विटाळ झाला असता.

मग ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा कायदा. रेल्वेने किंवा इतर मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणं आणि संशयितांना वेगळं ठेवणं, हा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. स्थानकांवर गाड्या थांबवल्या जात, लोकांना उतरवून रांगेत उभं केलं जाई, काख आणि जांघ चाचपली जाई, गाठोड्यांतले कपडे औषधात बुडवले जात. याचा खरा जाच तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या दडपशाहीविरुद्ध रोष उसळला आणि २२ जून १८९७ ला त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शाळेच्या पुस्तकात आपण एवढंच शिकतो. उंबरठ्यावर सोजीर आला, देवघर बाटलं, ही त्या काळातली मोठी तक्रार होती. ज्यांच्या घरांना देवघरच काय, नीट भिंतही नव्हती, ज्यांना एरवीही कोणी शिवत नव्हतं, त्यांची तक्रार त्या पुस्तकात कुठे आहे? रुग्णालयंसुद्धा जातीजातींची वेगळी उभी राहिली. आपापल्या जातीच्या शेठसावकारांनी आपापल्या जातीसाठी काढली. ज्या जातीत शेठ नव्हता, तिच्यासाठी उरली सरकारी छावणी.

या काळात एक प्रवास उलट दिशेने झाला. सगळे रोगापासून दूर जात होते, तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांकडे गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचा मृत्यू झाला. आपण जयंती-पुण्यतिथीला हा प्रसंग सांगतो, पण त्याचा आरोग्याच्या दृष्टीने अर्थ लावत नाही. रुग्णवाहिका नव्हती, आणि महारवाड्यातल्या मुलाला कोणी गाडीत घेतलं नसतं. साथीत आजारी माणसाला वेळेवर दवाखान्यात पोचवणं हाही प्रवासच आहे. तो कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, हे जातीवर ठरत होतं. सावित्रीबाईंची पाठ हीच त्या मुलाची गाडी झाली.

प्लेग पुढची पंचवीसेक वर्षं देशात फिरत राहिला आणि एक कोटीच्या आसपास माणसं घेऊन गेला.

आता १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलेलं. मे महिन्याच्या शेवटी सैनिकांना घेऊन एक जहाज मुंबईत आलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गोदीवर पहारा देणाऱ्या पोलीस शिपायांपासून तापाचे रुग्ण दिसू लागले. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती माणसं कापत गेली. मुंबईतून रेल्वेच्या मार्गाने ती देशभर पसरली. टपाल, सैनिक, मजूर, सगळे त्याच गाड्यांत. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महागलं होतं, लोक अर्धपोटी होते. देशात मेलेल्यांचा अंदाज सव्वा कोटीपासून वर जातो. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालं आहे.

या साथीचा एक तक्ता मी तुम्हाला सांगणार आहे. तो तुम्ही वहीत लिहून घ्या. मुंबई शहराच्या आरोग्य खात्याने त्या वेळी मृत्यूंची नोंद समाजवार ठेवली. दर हजार लोकांमागे इन्फ्लुएंझाने किती मेले? युरोपियन ८.३. पारशी ९. मुसलमान १९.२. सवर्ण हिंदू १८.९. आणि ज्यांना त्या तक्त्यात खालच्या जातीचे हिंदू म्हटलं आहे ते, म्हणजे आपण, ६१.६.

शहर तेच होतं, विषाणू तोच होता आणि महिनेही तेच. सवर्ण हिंदूंच्या सव्वातीन पट आणि युरोपियनांच्या सातपटीहून जास्त. विषाणूला जात कळत नाही असं म्हणतात. बरोबर आहे, विषाणूला कळत नाही. पण खोलीत किती माणसं झोपतात, पोटात किती अन्न आहे, ताप आल्यावर कामावर जावं लागतं का, उशाला पाणी द्यायला घरात कोणी उठू शकतं का, या सगळ्यावर जातीचा हात फिरलेला असतो. विषाणू गाडीतून सगळ्यांकडे सारखाच आला. मरण मात्र सारखं वाटलं गेलं नाही.

तो तक्ता ब्रिटिशांनी आपल्यावरच्या मायेने केला नव्हता. त्यांना राज्य चालवायला माणसांचे रकाने लागत. पण रकाना होता, म्हणून शंभर वर्षांनंतर मी तुम्हाला हा आकडा सांगू शकतो. हे लक्षात ठेवा, कारण आता आपण २०२० वर येतो.

कोरोना भारतात आला तो विमानाने. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण मार्च २०२० मध्ये सापडले, ते दुबईहून परतलेले प्रवासी होते. त्यांचा यात दोष नाही. पण पासपोर्टवाल्यांबरोबर आलेल्या रोगाची किंमत रेशनकार्डवाल्यांनी मोजली, असं तेव्हा लोक म्हणत, ते चूक नव्हतं. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजता लागू झाली. चार तास. रेल्वे त्याआधीच थांबली होती.

इथे उबवणीच्या काळाचं गणित परत आठवा. २४ मार्चला देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. मजुरांना गावी जायला चार तासांऐवजी काही दिवस आणि पुरेशा गाड्या मिळाल्या असत्या, तर त्यांच्यातले जवळपास सगळे निरोगी अवस्थेत घरी पोचले असते. तसं झालं नाही. त्यांना शहरातल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत, साईटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंडलं. पाच आठवडे तिथे रोग वाढू दिला. आणि १ मेपासून श्रमिक गाड्या सोडल्या, तेव्हा नोंदलेल्या रुग्णांचा आकडा पस्तीस हजारांवर गेला होता. म्हणजे प्रवास निर्धोक होता तेव्हा बंद ठेवला आणि धोक्याचा झाला तेव्हा सुरू केला. मग गावोगावी बोंब उठली की मुंबईवाले, सुरतवाले, पुणेवाले रोग घेऊन आले. शेतावर, शाळेच्या आवारात, गावकुसाबाहेर त्यांना ठेवलं गेलं. गावकुसाबाहेर ठेवणं आपल्या देशाला शिकवावं लागत नाही.

या पाच आठवड्यांत लोक चालत होते. मार्चच्या शेवटी दिल्लीच्या आनंद विहारला हजारोंची गर्दी झाली. १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, वांद्रे स्थानकाबाहेर मजूर जमले आणि लाठ्या खाऊन परतले. बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना, बायका-मुलांसकट, रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला. १८९७ मध्ये कपडे औषधात बुडवत होते, १२३ वर्षांनी माणसं बुडवली. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपी गेलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसं मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरिया या आदिवासी पट्ट्यातली होती. भुसावळला पोचलो की गाडी मिळेल या आशेने ती रुळांवरून चालत होती. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं. प्रवाशांच्या गाड्या बंद होत्या. मालाच्या चालू होत्या.

आणि हलालखोरांची ती जुनी गोष्टही पुन्हा घडली. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात कर्नाटक सरकारने मजुरांसाठी मागवलेल्या गाड्या अचानक रद्द केल्या. त्याच्या आधी मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांबरोबर बैठक झाली होती. बांधकामं सुरू करायची होती, मजूर गेले तर काम कोण करणार? टीका झाल्यावर निर्णय मागे घेतला. १८९६ ची मुंबई आणि २०२० चं बंगळूर यांच्यात सव्वाशे वर्षं आहेत. प्रश्न तोच: यांचे हात गेले तर आपलं कसं होणार?

आता रोजच्या प्रवासाकडे, म्हणजे लोकलकडे येऊ. साथीआधी मुंबईच्या लोकलने रोज पाऊण कोटीच्या आसपास प्रवासी जात. गर्दीच्या वेळी दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात, असं रेल्वेचंच मोजमाप सांगतं. असल्या डब्यात हवेतून पसरणाऱ्या रोगाला काय अडवणार? म्हणून २२ मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद झाली, हे समजण्यासारखं आहे. पण लोकल बंद झाली तरी शहराचा कचरा बंद झाला नव्हता. झाडूवाली बाई, गटार साफ करणारा कामगार, रुग्णालयातली आया, वॉर्डबॉय, यांना कामावर यावंच लागत होतं. ही माणसं मुंबईत घर घेऊ शकत नाहीत. ती विरार, कल्याण, बदलापूर, पनवेलकडून येतात. १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू होईपर्यंत ती बेस्ट आणि एसटीच्या बसमधून, दोन-तीन तास, गाडी बदलत आली. घरी बसून काम हा शब्द त्या काळात फार ऐकू आला. झाडू घरी बसून मारता येत नाही. घरी बसता येणं हीसुद्धा एक मालमत्ता आहे, आणि इतर मालमत्तेसारखीच तीही जातीने वाटलेली आहे.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्तातली प्रतिपिंडं तपासून पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली दिसली, बाकीच्या वस्त्यांत १६ टक्के. वॉर्ड तेच. कारणं सांगितली गेली ती दाटीची आणि सार्वजनिक संडासाची. शेकडो माणसं जे संडास वापरतात, तिथे घरी बसून कोण राहणार? सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहणं हासुद्धा त्या वस्तीचा रोजचा प्रवास आहे. तो कोणत्याही सरकारी हुकमाने बंद करता येत नाही.

यावरून एक गोष्ट निघते. साथीत प्रवास ही अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी म्हणजे वाट जिथे संपते तिथे काय आहे. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. सुरत म्हणजे खानदेशातल्या, ओडिशातल्या, सौराष्ट्रातल्या कामगारांचं शहर. काही दिवसांत लाखो लोक गाड्या भरून निघून गेले. बरेच खासगी डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून गेले. इतके लोक देशभर पांगले, तरी दुसऱ्या शहरांत मोठी साथ उभी राहिली नाही. कारण या वेळी प्लेगवर स्वस्त गोळी होती, टेट्रासायक्लिन, आणि ती वाटली गेली. १८९७ मध्ये वाटेच्या शेवटी छावणी होती, १९९४ मध्ये गोळी होती. माणसाला अडवण्यापेक्षा तो पोचतो तिथे औषध पोचवणं उपयोगी पडलं.

तुमच्यातले काही विचारतील, मग आपण प्रवासच कमी करावा, गावातच राहावं का? अजिबात नाही. गाव सोडणं हा आपल्यासाठी सुटकेचा मार्ग राहिला आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१ मधला प्रवास लिहिला आहे. मसूर स्थानकावर उतरलेली ती मुलं, जात कळल्यावर त्यांना गाडीत घ्यायला तयार नसलेले गाडीवान, शेवटी दुप्पट भाड्यात आणि गाडी स्वतः हाकायच्या अटीवर मिळालेली बैलगाडी. त्याच मुलांना आगगाडीने मात्र मसूरपर्यंत आणलं होतं. तिकीट काढलं की डबा खुला होता. रेल्वेने जात मोडली नाही, पण गावाच्या पाटलाला विचारल्याशिवाय बाहेर पडायचा एक दरवाजा तिने उघडला. आपल्या आजोबांनी गिरणी, गोदी, रेल्वे, लष्कर धरलं ते त्या दरवाज्यातून जाऊन. तुमची पदवीही त्याच वाटेवरची आहे. म्हणून साथीच्या नावाखाली आपल्या माणसाच्या फिरण्यावर कायमचा संशय घेतला जात असेल, तर तिथे उभं राहून बोलावं लागेल.

बोलायचं म्हणजे काय मागायचं? चार गोष्टी सांगतो. पहिली, आजारी असताना पगारी रजा, कंत्राटी कामगारालासुद्धा. ताप असताना झाडूवाली घरी राहिली तर रोग पसरत नाही, पण तिची खाडी धरली तर ती येणारच. दुसरी, गर्दी कमी करायची असेल तर साथीत गाड्या वाढवायच्या, आणि बंद करायच्या असतील तर आधी मुदत द्यायची. तिसरी, रेशन माणूस असेल तिथे मिळालं पाहिजे. पोटाची सोय असेल तर माणूस थांबतो. चौथी गोष्ट रकान्याची.

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारलं गेलं की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले. सरकारने उत्तर दिलं, अशी आकडेवारी उपलब्ध नाही. त्याच सरकारला ४,६२१ श्रमिक गाड्यांतून ६३ लाखांहून जास्त प्रवासी गेले हे माहीत होतं. श्रमिक गाड्यांत ९७ जण मेले एवढं राज्यसभेत सांगावं लागलं. रस्त्यावर, रुळांवर, चालता चालता किती गेले याचा हिशेब नाही. आणि कोरोनाने मेलेल्यांचा जातवार तक्ता देशाने प्रसिद्ध केला नाही. १९१८ च्या परक्या सरकारच्या शहरी तक्त्यात आपण ६१.६ म्हणून दिसतो. २०२० च्या आपल्या प्रजासत्ताकात आपण दिसतच नाही. मोजलं नाही की भेद नाही असं म्हणणं सोपं जातं.

हे काम तुमचं आहे. तुमच्यापैकी कोणी आरोग्य खात्यात लागेल, कोणी महापालिकेत कारकून होईल, कोणी पत्रकार, कोणी एम.पी.एच. करून संशोधनात जाईल. तुमच्यासमोर उद्या एक अर्ज येईल, त्यात नाव, वय, पत्ता, प्रवासाचा इतिहास असे रकाने असतील. तुम्ही विचारा: हा माणूस काय काम करतो, त्याला घरी राहता येत होतं का, त्याचा समाज कोणता, हे कुठे लिहायचं? वरिष्ठ म्हणतील, आजारात कशाला जात आणता? त्यांना १९१८ चा तक्ता दाखवा. जात आधीच तिथे होती. आपण फक्त ती लिहायला सांगतो आहोत.

आणि ज्यांना खात्यात जाता येणार नाही त्यांनीही आपल्या वस्तीपुरती वही ठेवा. साथीत वस्तीतलं कोण कोणत्या कामाला जात होतं, कसं जात होतं, दवाखान्यात कधी पोचलं, कोण पोचलंच नाही. आपल्या आधीच्या पिढीला हे लिहिता येत नव्हतं. तुम्हाला येतं. पुढची साथ येईल, गाड्या थांबतील, मग पुन्हा सुरू होतील. तेव्हा रोग कोणी आणला हा प्रश्न पुन्हा आपल्या दारात येईल. त्या दिवशी आपल्या हातात ती वही असली पाहिजे.

जय भीम. जय सावित्री.